दुसरा नमस्कार

बोंग-निम आजी माझ्या दुकानात बसून मासे साफ करायची. दुकान आंबवलेल्या पाकट माशाचं, नाजू गावच्या बाजारात, नदीच्या अंगाला. वास असा की राजधानीचे, सोलचे पाहुणे लगेच रुमाल काढतात. आजी त्यांना सांगायची, "नाक धरा, पण पाकीट मोकळं सोडा." तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. कुणी भाव करायला लागलं की ती त्याच्या बापाचा उद्धार करायची आणि तो मुकाट्याने पैसे काढायचा.

बोटं जपानात गेली. तेव्हा आमच्यावर जपानचं राज्य होतं. ती तेरा वर्षांची असताना शाळेच्या जपानी हेडमास्तरांनी सांगितलं, तिकडे चल, पुढचं शिकशील, पगारही मिळेल. मिळालं ते विमानाच्या कारखान्यातलं पत्रे कापायचं यंत्र. शाळा नाही, पगार नाही. युद्ध संपल्यावर घरी परतली, तर गावाने आधीच ठरवून टाकलं होतं की जपान्यांनी नेलेल्या मुली सैनिकांसाठीच नेल्या. ज्या खरंच तशा नेल्या गेल्या, त्यांनाही आमच्या लोकांनी दया दाखवली नाही. ही तर शपथा घेऊन थकली. लग्नानंतर नवऱ्याचे कुणीतरी कान भरले. तो रोज पिऊन विचारायचा, "किती होते?" मग मारायचा. शेवटी दुसरीकडे बिऱ्हाड करून राहिला. मुलगी ग्योंग-ए हे ऐकतच मोठी झाली आणि तिने बापाचंच खरं मानलं.

म्हणून आजीला एकच गोष्ट हवी होती. त्या कारखान्याच्या कंपनीने सगळ्यांसमोर म्हणावं, की ही पोर आमच्या यंत्रावर उभी होती. बस, एवढंच. तिने कंपनीवर दावा लावला आणि इथल्या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती बाजारभर सांगत सुटली, की आता त्यांना तोंड उघडावंच लागेल.

तोंड कुणी उघडलं नाही. दोन्ही सरकारांनी, आमच्या आणि जपानच्या, आपसात बसून मिटवून टाकलं. कंपनी काही बोलणार नाही आणि काही देणारही नाही, पैसे आपल्याच इथल्या एका निधीतून मिळतील, आणि विषय संपला. परराष्ट्र खात्यात याला म्हणे मोठं यश म्हणतात. मला विचाराल तर त्यांनी हात एकमेकांचे मिळवले आणि मान आजीची मुरगळली.

मग खात्याचे तक नावाचे साहेब आले, सोबत फोटोवाला. हातात नासपतींची टोपली, सोलच्या बड्या दुकानातली, रेशमी फीत लावलेली. आता नाजूत कुणी नासपती आणतं का? देशभर जाते ती इथूनच जाते. आजीने एक फळ हातात घेतलं आणि त्यालाच म्हणाली, "सोल बघून आलीस का गं बाई? दमली असशील."

साहेबांनी गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. फोटो निघाला. आजीने विचारलं, "करार कधी झाला?"

"गेल्या सोमवारी, आजी."

"आणि मला विचारायला आज आलात?"

साहेब सांगू लागले, की दोन देशांच्या संबंधात काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, आणि आजींच्या वयाकडे बघूनच सगळी घाई केली.

"बरं," आजी म्हणाली. "मग अजून एकदा वाका."

आजूबाजूच्या दुकानांतले लोक पुढे सरकले. आमच्याकडे जिवंत माणसाला एकदा वाकतात, मेलेल्याला दोनदा. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. साहेबांनाही होतं. ते घुटमळले, फोटोवाल्याकडे पाहिलं, आणि काम उरकावं म्हणून वाकले.

"झालं," आजी म्हणाली. "मेलेल्या बाईला पैसे लागत नाहीत. टोपली उचला."

आम्ही पोट धरून हसलो. मी तर चार दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला साहेबांची नक्कल करून दाखवत होते. पण खात्याची माणसं अशी हार मानणारी नव्हती. ती आजीकडे परत आलीच नाहीत, थेट ग्योंग-एकडे गेली. आमच्याकडे सहीच्या जागी शिक्का चालतो, आणि आईचा शिक्का कुठे असतो हे लेकीला ठाऊक होतं. एक दिवस पेपरात आलं, की नाजूच्या आजींनी समझोता मान्य केला. वर फोटो, वाकलेल्या साहेबांचा.

त्याच दुपारी ग्योंग-ए दुकानात आली. आजीने हातातली सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता हिची धडगत नाही. पण आजीने शिवी दिली नाही, शिक्क्याचं नावही काढलं नाही. हळूच विचारलं, "काही बोलले का गं ते? कंपनीवाले?"

"काय बोलायचंय?"

"हेच, की मी यंत्रावर होते."

ग्योंग-ए तिच्याजवळ बसली. आवाजात राग नव्हता, तापलेल्या पोराची समजूत घालावी तशी म्हणाली, "आई, आता तरी पुरे कर. पत्रे कापल्याचे एवढे पैसे कुणी देतं का?"

मासे घ्यायला आलेल्या दोन बायका तिथेच उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. आजीने सुरी उचलून पुढचा मासा ओढला. माझ्या अंगाची आग झाली. मी त्या बायकांना हाकलून दिलं, पण हाकलून त्या जाणार कुठे, बाजारातच गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळा बाजार तेच म्हणत होता.