आधी खा, मग घाबरा

दुखानकाकूंना आयुष्यात एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे कुणाला घाबरवणं. बाकी सगळं जमायचं. वाळवंटात कढीपत्ता जगवणं जमायचं, शेजारच्या स्कॉटिश बाईकडून थालीपीठ थापून घेणं जमायचं, काकांचा चढलेला आवाज नुसत्या एका नजरेने खाली आणणं तर डाव्या हातचा मळ. पण घाबरवणं? नाव नको. आणि नेमका त्याचाच त्यांना नाद लागला होता. दर वर्षी ऑक्टोबर संपत आला की साठीला टेकलेल्या, गोल चेहऱ्याच्या, जळगावच्या या बाई भूत व्हायच्या आणि दर वर्षी सपशेल नापास व्हायच्या.

त्यांचं खरं नाव सुमन. आम्ही कतारला, दोह्यात, अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये राहतो. त्या राहायच्या तासाभराच्या अंतरावर, पश्चिम किनाऱ्याला, दुखानच्या टाउनशिपमध्ये. काका तिथे तेलाच्या विहिरींवर इंजिनिअर होते. माझी लेक ईरा त्यांना दुखानकाकू म्हणायला लागली आणि हळूहळू काकासुद्धा फोनवर "थांबा, दुखानकाकूंना देतो" म्हणायला लागले. ओळख झाली ती एका गणपतीच्या आरतीला. सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि शेजारी उभी असलेली ही अनोळखी बाई ईराकडे बघत माझ्या कानाशी येऊन म्हणते, "हिने काही खाल्लेलं दिसत नाही." मी चिडलेच. ओळख ना पाळख! म्हटलं, "खाल्लंय की घरी." "काय खाल्लं?" "कॉर्नफ्लेक्स." त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की बस्स. मग पर्समधून शंकरपाळ्यांचा डबा निघाला, आणि आरती संपेपर्यंत ईरा त्यांच्या कडेवर होती.

हॅलोविनचं खूळ आमच्या घरात शिरलं ते शाळेतून. मला ते मुळीच पसंत नव्हतं. दिवाळी तोंडावर आलेली, चकलीची भाजणी संपलेली, आणि दारात लावायचं काय, आकाशकंदील की हाडांचा सापळा? मी फणफणत काकूंना फोन केला. वाटलं, जुन्या वळणाची बाई, दोन शब्द माझ्या बाजूने बोलेल. कसलं काय! "अगं, पोरांना भूत पाहिजे ना? मग घेऊन ये इकडे. मॉलमधून काही आणू नकोस. भूत मी करते," काकू म्हणाल्या. भजी करते म्हणावं, इतक्या सहज.

तेव्हापासून आमचा शिरस्ताच पडला. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा, इथे उलटं. मे महिन्यापासून एसीत कोंडलेली पोरं ऑक्टोबरअखेर मोकळी होतात. गाडीच्या काचा पहिल्यांदा खाली येतात आणि कुणीतरी हात बाहेर काढून "मम्मा, इट्स नॉट हॉट!" असं ओरडतं. मागच्या सीटवर ईरा, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारच्या फरीदाभाभींचा झैद, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. फरीदाभाभी रत्नागिरीच्या. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, "भूतबित काय ते असूं दे, पोरांना वारा तरी लागेल." दुखानला पोचलं की दुपारी समुद्र, शिंपले, वाळूचे किल्ले, आणि ऊन कललं की काकांच्या जुन्या जीपमधून झिक्रीतच्या बाजूच्या खडकांकडे. वाऱ्याने झिजून छत्र्यांसारखे झालेले ते पांढरे खडक. भूत राहायचं ते तिथेच.

पण भुताच्या आधी डांगर. लाल भोपळ्याला काकू डांगर म्हणायच्या. पोरांना त्यात डोळे-नाक कोरून दिवा लावायचा होता, आणि काकूंचा जीव आतल्या गरात अडकलेला. "एवढी सोन्यासारखी भाजी काय नुसती दिवा लावायला?" चमच्याने खरवडून खरवडून त्यांनी गर काढला, त्याचे घारगे तळले, आणि मग डोळे कोरायला घेतले. तोंड हसरंच कोरायचं, असा हुकूम. दिवेलागणीला दारात रडका चेहरा नको म्हणे. खरवडायच्या नादात डांगराची साल इतकी पातळ झाली, की दिवा लावल्यावर तासाभरात ते एका बाजूने खचलं. खचलेलं ते तोंड बघून ईरा म्हणाली, "लुक्स लाइक काका!" काका चहा पिता पिता इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

घारगे झाले की पोरांना रांगेत बसवायचं. "आधी खा, मग घाबरा," हे काकूंचं वाक्य ठरलेलं. ईरा पाय आपटायची, "काकू, वी आर नॉट हंग्री! घोस्ट फर्स्ट!" काकूंवर काही परिणाम नाही. "उपाशीपोटी घाबरलं की पित्त होतं," असं त्या अगदी डॉक्टरी आवाजात सांगायच्या. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मी विचारलं एकदा. "अनुभव आहे," म्हणाल्या. आणि तो असणारच, कारण काकू स्वतः पहिल्या नंबरच्या भित्र्या. पालीला घाबरायच्या, लिफ्टला घाबरायच्या, काका नाइट शिफ्टला गेले की घरातले सगळे दिवे लावून आणि रेडिओ चालू ठेवून झोपायच्या.

पहिल्या वर्षी त्या पांढरी चादर घेऊन खडकामागे लपल्या. चादरीला बारीक गुलाबी फुलं होती, ते एक वेळ चाललं असतं. पण पोरं जवळ आली तशी चादरीतून आवाज आला, "चपला घातल्यात ना रे सगळ्यांनी? काटे आहेत इथे." झालं! चारही पोरं धावत जाऊन त्या भुताला बिलगली. दुसऱ्या वर्षी त्यांनी अंगभर टॉयलेट पेपर गुंडाळून ममी व्हायचं ठरवलं. नेमका त्या संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. ममीचे हातपाय उडून वाळवंटभर पळायला लागले आणि ममी त्यांच्या मागे. "अरे उचला, उचला, उंट खातील ते!" पोरांनी पुढचा अर्धा तास ममी गोळा करण्यात घालवला. त्यानंतर कुणीतरी सुचवलं, काळा अबाया घाला, अंधारात दिसणार नाही. काकूंनी ते तिथल्या तिथे मोडून काढलं. "ते इथल्या बायकांचं रोजचं कापड आहे. त्याचं भूत नाही करायचं," म्हणाल्या, आणि तो विषय खलास.

सगळं नीट जमून आलं, तरी शेवटी बांगड्या घात करायच्या. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या, अर्धा डझन तरी. खडकामागे जरा हात हलला की किणकिण. "काकू, वी कॅन हिअर यू!" मी म्हटलं, काढून ठेवा ना तासभर. त्या माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "अगं, माणूस तिकडे विहिरीवर कामाला आणि मी इकडे बांगड्या काढू? शहाणीच आहेस."

एकदा मी त्यांना विचारलं, काकू, जमत नाही तर कशाला एवढा अट्टहास? त्या घारग्यांचं पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "आमचा निखिल लहानपणी फार भित्रा होता गं. इथे तेव्हा आसपास काही नव्हतं. रात्री वारा घोंगावायचा, लांब विहिरींवरची ती गॅसची ज्वाळा दिसायची, हा रडायचा. माझी सगळी वर्षं 'घाबरू नको, मी आहे ना' म्हणण्यात गेली. आता तो कॅनडात. मला वाटतं, एकदा तरी एखादं पोर मला बघून मस्तपैकी किंचाळावं. मग मी सुखाने जळगावला जाईन." मी हसले. पण त्या खरंच बोलत होत्या, हे मला काकांची रिटायरमेंट जवळ आली तेव्हा कळलं.

इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की घर. त्या वर्षी आम्ही दुखानला पोचलो तर दारात खोकी रचलेली. कढीपत्त्याची कुंडी स्कॉटिश बाईच्या अंगणात गेलेली. काकू नेहमीसारख्या हसत होत्या, पण घारगे थोडे करपले, आणि त्यांच्या हातून करपलेला घारगा मी पहिल्यांदाच पाहिला. बोलून दाखवायचा कुणाला धीर नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं: त्यांची ही शेवटची संधी.

पोरांनाही माहीत होतं. येताना गाडीत ईराने सभा घेतली होती. "लिसन. काकू लास्ट टाइम घोस्ट होणार. सो वी ऑल स्क्रीम. लाउड. इव्हन इफ इट्स फनी. प्रॉमिस?" सगळ्यांनी प्रॉमिस केलं. झैदने गाडीतच प्रॅक्टिस सुरू केली आणि माझ्या नवऱ्याने ब्रेक मारला. मला लेकीचं इतकं कौतुक वाटलं, की तिच्या धेडगुजरी भाषेबद्दल नेहमीचं लेक्चर मी त्या दिवशी दिलं नाही.

सूर्य बुडायला आला. काकू तासभर आधीच काकांबरोबर खडकांकडे गेल्या होत्या. आम्ही पोचलो तर काका फोल्डिंगच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. "यल्ला, जा, शोधा," म्हणाले. पोरं किंचाळायच्या तयारीने, गाल फुगवून, पहिल्या खडकामागे गेली. कुणी नाही. दुसऱ्यामागे गेली. कुणी नाही. किणकिण नाही, चपलांची चौकशी नाही, काही नाही. वारासुद्धा पडलेला. ईराच्या मैत्रिणी खुसफुसायला लागल्या. मीही इकडेतिकडे बघितलं. नुसती पांढरी वाळू आणि लांबत चाललेल्या सावल्या. दर वर्षी जिथून आवाज यायचा तिथून आवाज येत नव्हता.

झैद मध्येच उभा राहिला. त्याचा ओठ थरथरायला लागला. "काकू गेली?" तो म्हणाला. "इंडियाला गेली?"

"नो, सिली," ईरा म्हणाली, पण तिचाच आवाज फुटला. आणि मग ही माझी मुलगी, जिला मी मराठीत विचारलेल्या साध्या प्रश्नाचं मराठीत उत्तर देताना कधी ऐकलं नव्हतं, ती त्या वाळवंटात जिवाच्या आकांताने किंचाळली, "काकूऽऽ! काकू, कुठे गेलात तुम्ही? काकूऽऽ!"

"आहे गं! आहे, आहे, इथेच आहे मी!" अगदी दहा पावलांवरच्या खडकाआडून काकू धावत आल्या. तोंडाला तांदळाची पिठी फासलेली, डोळ्यांभोवती काजळ, केस मोकळे, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत काकांचे काळे मोजे. बांगड्या वाजू नयेत म्हणून! इतक्या वर्षांनी युक्ती सापडली होती, पोरं एवढ्या जवळ आली होती, नुसतं 'हूऽऽ' करायचं बाकी होतं. त्याऐवजी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि मोजे घातलेल्या हातांनी चौघांना एकदम कवेत घेतलं. पिठी सगळ्यांच्या केसांत गेली. झैद त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होता आणि त्या म्हणत होत्या, "घाबरू नको राजा, मी आहे ना." मग त्यांना आपण काय म्हणतोय हे कळलं असावं, कारण त्यांनी झैदला आणखीच घट्ट धरलं. मला काही दिसेना झालं होतं.

काकांनी संत्र्याची फोड झैदच्या हातात दिली. "झालं ना मनासारखं?" ते बायकोला म्हणाले. "किंचाळली पोरं. आता चल सुखाने जळगावला."

काकूंनी मोज्याने नाक पुसलं. "हे धरायचं नाही," त्या ठासून म्हणाल्या. "ही काही मला बघून किंचाळलेली नाहीत. मी दिसले नाही म्हणून किंचाळली. याला घाबरवणं म्हणत नाहीत." आणि परतताना जीपमध्ये साऱ्यांना उरलेले करपलेले घारगे खाऊ घातले.

दोन आठवड्यांनी त्या गेल्या. विमानतळावर ईराने त्यांना मिठी मारली आणि काकूंनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय, ते ती मला अजून सांगत नाही. मात्र त्यांच्याशी फोनवर ती मराठीत बोलते. मोडकं-तोडकं, क्रियापदांची वाट लावत, पण बोलते.

या वर्षी ऑक्टोबर आला तशी पोरांनी माझ्या मागे भुणभुण लावली. भूत कोण होणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही नाही म्हणत मी चादर घेतली, पिठी घेतली, डांगर मात्र कोरायला वेळच मिळाला नाही. ऑफिसमधून निघायला उशीर, रस्त्यात ट्रॅफिक. झिक्रीतला पोचलो तेव्हा सूर्य टेकलेला. मी गाडीतून उतरले ती थेट खडकामागेच गेले. झैद आता चांगला आठ वर्षांचा घोडा झालाय. तो एकटाच पुढे आला, मी उडी मारली, "हूऽऽ!" आणि तो असा काही किंचाळला, की लांबचा एक उंट मान वर करून बघायला लागला. पहिल्याच प्रयत्नात! मी तिथूनच काकूंना फोन लावला.

"काकू, किंचाळला! झैद किंचाळला! पहिल्या झटक्यात!"

"काय सांगतेस!" त्या ओरडल्या. मागे काकांचा आवाज आला, काय झालं, काय झालं. मग काकूंनी विचारलं, "पोरांना आधी खायला घातलं होतंस ना?"

मी गाडीकडे बघितलं. डबा मागच्या सीटवर तसाच होता.

"नाही हो काकू. उशीर झाला, राहूनच गेलं."

"मग किंचाळणारच की गं तो!" काकू म्हणाल्या. "उपाशी होता माझा राजा. ठेव फोन. आधी त्याला खायला घाल."