सायखेड्याच्या मातीतलं शिसं

सायखेड्याच्या भाजीच्या मळ्यांत शिसं कुठून येतं, गाड्यांच्या पेट्रोलमधून की खालच्या काळ्या खडकातून, एवढंच मला शोधायचं होतं. शिशाचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. हलक्या-जड अणूंचं प्रमाण जिथून शिसं आलं त्या जागेगणिक बदलतं, आणि ते मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. नाशकात तो कुठला असायला! परराज्यातल्या एका प्रयोगशाळेला दीड वर्ष विनवण्या केल्या, तेव्हा मार्चमधले चार दिवस मिळाले. त्याच महिन्यात माझी पीएच.डी.ची मुदत संपत होती. पुन्हा पाळी मिळणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझं धाबं दणाणलं. रस्त्याकडेची माती, नदीकाठची माती, खडकाचा चुरा, सगळ्यांचं उत्तर एकच! आणि शिसं वारेमाप. यंत्र सांभाळणारे सर म्हणाले, "माती विरघळवायची आमची आम्लं शुद्ध आहेत. ही घाण तुमच्याकडूनच आलीय." मी भडकले. इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्या आई दिवसातून दोनदा पुसते, आणि हे मला घाण शिकवणार!

तरी सगळे नमुने घरीच कुटले-चाळले होते, म्हणून एसटीडी बूथ गाठला.

"आई, माझ्या चाळणीला, खलाला कोणी हात लावला होता का गं?"

"मीच लावला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा नाही का करत आपण? तू माती आणायला गेली होतीस. तेलात कालवून शेंदूर लावला, चांगला ठसठशीत. म्हटलं, पोरीला यश येऊ दे. दुसऱ्या दिवशी पुसून लख्ख केलं हो सगळं, तुला डाग चालत नाहीत ना."

शेंदूर शिशाचाच करतात. चाळणीच्या भोकाभोकात तिने तो पुसून पुसून बसवला होता. माझी पाच वर्षं मातीत गेली. "वाटोळं केलंस माझं!" मी बूथमध्ये किंचाळले. बाहेर ताटकळणारी माणसं काचेतून बघत राहिली, आणि मी हमसून हमसून रडले.

 मग आई म्हणाली, "तिथल्या सरांचा नंबर दे. मी सांगते त्यांना, पोरीची काही चूक नाही. म्हणावं, आईला कळलं नाही."

चूक माझीच होती. हत्यार वापरण्याआधी आम्लात भिजवायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. आईने पुसलेली चाळणी इतकी स्वच्छ दिसली, की मी ती तशीच वापरली. हे मी सरांना सांगितलं नाही. आईलाही नाही.