हळद खाल्लेला टेप

दुपारची जेवणं झाली की हैदराबादच्या बेगम बाजारात घटकाभर सुस्ती उतरते. हातगाड्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात, हमाल पोत्यांवर आडवे होतात आणि हळद-मिरचीचे ठोक व्यापारी दत्तोबा हंबर्डे गायला लागतात. तक्क्याला टेकून, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून गातात. पोट ऐसपैस असल्यामुळे हातांची सोय उत्तम होते.

गाणं एका जुन्या, साफ पडलेल्या मराठी चित्रपटातलं. एक मुलगी सायकलवरून निघाली आहे, घंटी वाजवत वाऱ्याशी शर्यत लावते आहे, असा त्यातला मजकूर. पण दत्तोबांच्या गळ्यात शिरलं की त्या मुलीला कुठलीच शर्यत जिंकायची उरत नाही. ती सायकलवरून उतरते. हँडल धरून ज्वारीच्या कडेकडेनं, चांदण्यात चालू लागते. घंटी वाजते, तीही लांबच्या देवळातल्यासारखी. ऐकता ऐकता समोरचा गल्ला, तराजू, मिरचीची लाल धूळ सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हलकं होतं. मी पाव किलो हळद आणायला जातो आणि दोन तासांनी परत येतो. बायकोनं आता कारण विचारणं सोडून दिलं आहे.

दत्तोबांचे आजोबा नांदेडकडची शेती भावांवर टाकून इथं आले. दत्तोबांची मराठी अजून तिकडचीच आहे, फक्त तिला हैदराबादी मसाला लागलेला. दुकानात त्यांच्या तरुणपणापासून एक टेपरेकॉर्डर आहे. हळदीच्या पोत्याशेजारीच त्याची जागा. वर्षानुवर्षं त्यानं इतकी हळद खाल्ली, की दूध-हळद पाजलेल्या माणसाला येतो तसा आराम त्याच्या मोटरला आला. त्यात घातलेली प्रत्येक कॅसेट झोकात, सावकाश, खालच्या पट्टीत वाजे. दत्तोबा सगळी गाणी त्याच्याकडून शिकले. बाहेर एखादं ओळखीचं हिंदी गाणं भरभर ऐकू आलं, तर म्हणत, "रेडिओवाल्याला बातम्या द्यायच्या असतात ना, म्हणून पळवायलाय." आणि हे सायकलीचं मराठी गाणं हैदराबादेत दुसरीकडे वाजणार कुठं? ते दत्तोबांच्याच दुकानात राही, दत्तोबांच्याच घरी झोपायला जाई. नवीन लग्न झालेल्या सावित्रीबाई हे गाणं ऐकूनच ह्या मिरचीच्या ठसक्यात रमल्या. पुढे दोन्ही मुलं त्याच गाण्यावर झोपली.

यंदा आमच्या मराठी मंडळानं दिवाळी फराळाच्या कार्यक्रमाचं संगीत मंदारकडे दिलं. मंदार पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, कीबोर्ड छान वाजवतो. उत्साह इतका, की शेजारी बसलेल्या माणसाला धाप लागावी. मी त्याला दत्तोबांचं सायकलीचं गाणं ऐकवायला दुकानात घेऊन गेलो.

"काका, तुमचं कव्हर एकदम भारी करू," तो म्हणाला.

"ते काय असतंय?"

"दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात म्हणायचं."

दत्तोबांना ते लागलं. "माझा कसला ढंग आलाय? मी जसंच्या तसं म्हणतो, बाबा. कॅसेटवरचा श्वाससुद्धा सोडत नाही मी."

मंदारनं फोन काढला आणि मूळ गाणं लावलं. घंटी खणखणली. ढोलकी दौडत आली. एक कोवळा, खट्याळ आवाज मिरचीच्या पोत्यांवरून उड्या मारत निघून गेला.

"ही पोरगी कोण गाऊ लालीय?" दत्तोबांनी विचारलं.

"हीच मूळ गायिका, काका."

"छे! गाणारा गडी आहे तो. चांगला भारदस्त माणूस."

मंदारनं दुकानातल्या टेपवर कॅसेट लावली. तीच पोरगी तिथं मिशा फुटल्यासारखी, पेंगत गायली. झाकण उघडल्यावर आतून चमचाभर पिवळी पूड गळली. पोत्यावरचे यूसुफभाई हमाल उठून बसले.

"सेठ, ये तो सुपरफास्ट निकली! आप इत्ते साल मालगाडी चला रै थे?"

सगळे हसले. दत्तोबाही हसले, पण उशिरा, आणि टेपवर फडकं टाकून हिशोब बघायला लागले.

त्या दिवसापासून दुपार नुसती दुपार झाली. यूसुफभाईंना पडल्या पडल्या झोप येईना. "चिढा रा था मैं, सेठ. गा लेव ना," ते म्हणत. दत्तोबा मानेनंच नाही म्हणत. सावित्रीबाईंनी मला रस्त्यात गाठलं.

"भाऊजी, तुमच्या त्या पुणेकराला सांगा, माझा नवरा परत करा. आंघोळीलासुद्धा मुक्यानं बसायलेत. मी म्हटलं, म्हणा की. तर म्हणतात, खोटं गाणं किती दिवस म्हणू? मग मी भाळले होते ते कुणावर? त्या सायकलवालीवर?"

पण दत्तोबांचं ठरलं होतं. कार्यक्रमात खरं गाणं म्हणायचं, खऱ्या वेगानं. जमलं तर तेच आयुष्यभर. नाही जमलं तर ह्या तोंडाला गाणं बंद. ते गोदामात तालीम करू लागले. दुसऱ्या ओळीला खोकला, तिसरीला गरम पाणी, चौथी ओळ कुणी ऐकलीच नाही.

कार्यक्रम विद्यानगरच्या सभागृहात, रविवारी संध्याकाळी होता. चकल्यांच्या कुडूमकुडूम आवाजात दत्तोबा नवा सदरा घालून उभे राहिले. डोळे उघडे ठेवले होते, सायकल चालवताना मिटून कसं चालेल? मंदारनं लॅपटॉपवर तयार केलेला ठेका सुरू केला. घंटी खणखणली आणि दत्तोबा निघाले. पहिली ओळ धावत, दुसरी धापत. तिसरीला ते लाल झाले. पहिल्या रांगेत सावित्रीबाईंनी पदराचा बोळा केला. चौथ्या ओळीला दत्तोबांचा दमच संपला. ते थांबले, आणि थांबल्यावर सवयीनं डोळे मिटले.

दम परत आला तो स्वतःच्या चालीनं आला. हात आपोआप पोटावर गेले. ठेका एकटाच पुढे धावला, त्यानं दुसरं कडवं गाठलं, तिसरं ओलांडलं, दिमाखात घंटी वाजवून संपला. दत्तोबा अजून पहिल्या वळणावर होते.

 तोंडातल्या चकल्या तोंडातच विरघळायला ठेवल्या गेल्या. मंदारनं लॅपटॉप मिटला, थोडा वेळ ऐकलं आणि त्यांच्या मागोमाग एकेक सूर कीबोर्डवर ठेवत चालू लागला. शर्यतीचे शब्द तेच होते, पण आता कोणीच धावत नव्हतं. दिव्यांचा पिवळेपणा मऊ झाला. खुर्च्या, माणसं, फराळाची ताटं सगळी एका लांबलचक बांधावरून निघाली होती. उजवीकडे ज्वारी हलत होती, कुठं पोहोचायचं ते कुणी विचारत नव्हतं. माझ्या शेजारचे एक निवृत्त इंजिनिअर बूट काढून बसले.

गाणं संपल्याचं बऱ्याच वेळानं लक्षात आलं. टाळ्या वाजल्या, त्याही हळूच.

मंदारची बायको मृण्मयी पुढे आली. "काका, हे गाणं मला लहानपणापासून पाठ आहे," ती म्हणाली. "पण ती मुलगी घरी परत कशी येते, ते आज कळलं."

"ते जाऊ दे, पोरी. चुकलं की माझं," दत्तोबा म्हणाले.

"चुकलंच," सावित्रीबाई पाण्याचा पेला देत म्हणाल्या. "आता उद्या दुपारीपण चुका."

"काका, असंच रेकॉर्ड करू," मंदार म्हणाला. "ठेका बंद. मी मागून येतो."

"मागून यायचं तर दम लागतो हां."

"शिकेन."

दत्तोबांनी पाणी संपवलं, तोंड पुसलं, आणि मंदारला खांद्याला धरून खिडकीशी नेलं. मी मागे गेलोच.

"कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एक टांग्याचं गाणं आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "ते मी फक्त घरात म्हणतो. तेही..."

मंदारनं शोधायला खिशातून फोन काढला. दत्तोबांनी त्यावर आपला रुंद पंजा ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "घोडा चांगला चाललाय."

आणि तिथंच खिडकीशी उभं राहून त्यांनी ते गुणगुणायला सुरुवात केली.