दातेरी कात्रीची चिंधी

तर काल आपण चिंधीपाशी थांबलो होतो. लाल चिंधी, बोटभर रुंद, वीतभर लांब, दाराच्या कडीला बांधलेली. तिचा अर्थ एकच: घर रिकामं झालं, इथे पुन्हा हाका मारू नका. ही युक्ती गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंपीणबाईची. समुद्रात वादळ उठून घरं सोडायचा भोंगा वाजला, की बाई मशीनवर झाकण घालायची, बारा माणसं गोळा करायची आणि एकेकाला एकेक जिना आणि मूठभर चिंध्या वाटून द्यायची. कुणाला खुर्चीवरून उतरवायचं, कुणाची औषधं कुठल्या डब्यात, कुठला म्हातारा बहिरा, सगळं तिला तोंडपाठ. का नसणार? गल्लीतल्या झाडून सगळ्यांची मापं तिच्या वहीत. कुणाचं पोट किती सुटलं हे बायकोच्या आधी तिला कळायचं.

अकरा वर्षं हे चाललं. लोक तिला वादळमावशी म्हणायचे. आधी कौतुकानं, मग टोमणा म्हणून. कारण अकराव्या वर्षी दोनदा भोंगा वाजला, दोनदा आम्ही बोचकी बांधून शाळेच्या हॉलमध्ये जाऊन पडलो आणि दोन्ही वेळा वादळ वाट वाकडी करून निघून गेलं. गार फरशी, दोनशे माणसांत दोन संडास आणि शेजारी कंपाउंडरचं घोरणं. आमच्या हिचा गुडघा असा सुजला की पुढचे आठ दिवस चूल माझ्याकडे. मी कानाला खडा लावला.

तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा मी उशीच्या जुन्या लाल अभ्र्याची पट्टी भाजीच्या कात्रीनं कापली, बाहेरच्या कडीला बांधली आणि मागच्या दारानं आत येऊन बसलो. ही म्हणाली, हे बरं नव्हे. पण म्हणता म्हणता तिनं सुजका पाय स्टुलावर ठेवला, म्हणजे मी काय समजायचं ते समजलो. आमच्या जिन्याला कंपाउंडर होता. त्यानं चिंधी पाहिली आणि दुसऱ्या कुणी घर रिकामं केलं असं समजून तसाच खाली उतरला. मला गुदगुल्या झाल्या. चहासुद्धा आम्ही कपबशीचा आवाज न करता प्यायलो.

दुपार झाली. शाळेकडे जाणारी शेवटची बस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होती. इतक्यात जिन्यावर पावलं. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. बाई शेवटची फेरी मारत होती. आमच्या दाराशी ती थांबली, पण दार वाजवलं नाही. मी फटीतून पाहिलं. चिंधीचं टोक तिनं दोन बोटांत धरलं होतं, कापडाचा पोत बघतात तसं. तिच्या चिंध्या दातेरी कात्रीनं कापलेल्या, कडेचा धागा निघत नाही. माझ्या चिंधीला ही एवढी दशी लोंबत होती. अकरा वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ती पायरीवर बसली, चपला काढल्या, पोटऱ्या दाबल्या. मग दाराकडे न बघता म्हणाली, "काका, आता मला सगळी दारं पुन्हा बघावी लागतील."

शिव्या दिल्या असत्या तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. मी उठून दार उघडलं. एकसष्ट दारं होती. तिनं हात पुढे केला, मी तिला ओढून उभं केलं. हिला बाईच्या माणसांतल्या दोघांनी खुर्चीसकट बसमध्ये नेलं आणि मी बाईमागून निघालो. वारा सुटला होता, पत्रे खडखडत होते. ती दर कडीशी थांबून चिंधी चाचपायची.

मला वाटत होतं, एवढी अक्कल फक्त मलाच. न्हावी दाराला चिंधी बांधून आपल्या खाटेवर एकटाच पत्ते मांडून बसलेला निघाला. आणि कोपऱ्यावरच्या घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पोस्टमनची आई. अंथरुणाला खिळलेली. परक्यांनी उचललेलं तिला चालत नाही म्हणून लेकानं चिंधी बांधली, पोरांना आधी सोडून येतो म्हणाला आणि निघाला. इकडे पोलिसांनी रस्ता बंद केला होता. आम्हाला शोधत वर आलेला बसचा ड्रायव्हर म्हणाला, आता आत कुणालाच सोडत नाहीत. म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, तो येतोय, तुम्ही जा. बाईनं तिच्याशी वाद घातला नाही. कंपाउंडरला खालून हाक मारून बोलावलं आणि चादरीची चार टोकं त्याच्या, ड्रायव्हरच्या, न्हाव्याच्या आणि माझ्या हातात दिली.

बस तासभर उशिरा सुटली. सगळे माझ्याकडे बघत होते, मी खिडकीकडे.

आणि वादळ? तेही आमच्यासारखंच फसवं. पुन्हा कड बदलून गेलं. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसली होती, उरलेल्या चिंध्यांच्या पिशवीवर पाय टेकून, डोळे मिटून. मी म्हटलं, पोरी, तीनदा हुकलं. चौथ्यांदा कुणी उठायचं नाही, आणि माझ्यासारखा हरामखोर तर नाहीच. तू तरी कशाला पाय तोडून घेतेस, येणार आहेस का पुन्हा?

डोळे न उघडता ती म्हणाली, "येणार तर. पण पुढच्या वेळी तुमच्या दारापासून सुरुवात करीन, काका. सकाळी पाय ताजे असतात, भांडायला बरं पडतं."