घोंगड्याचा नाद

आमचे धाकटे दीर लिंबाजी भावजी माणूस म्हणून सोन्यासारखे. दारू न्हाई, पत्ते न्हाई, परक्या बाईकडं मान वर करून बघणं न्हाई. मेंढराच्या खुरात काटा रुतला तर दातानं काढतील, पण त्या मुक्या जीवावर कधी ओरडणार न्हाईत. आणि ह्याच माणसानं मला माझ्या उमेदीच्या वर्षांत जेवढा वैताग दिला, तेवढा माझ्या सगळ्या लेकरांनी मिळून दिला नसंल. कारण काय, तर एक घोंगडं.

असल्या गोष्टी कुणी बोलत न्हाई. म्हणून ज्याच्या घरी त्या असतात त्याला वाटतं, अख्ख्या मुलखात ही भानगड आपल्याच घरी हाय. मलाही तसंच वाटायचं.

आमची वस्ती पालमच्या अलीकडं, माळावर. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. भावजींची बायको दैवशाला झरीची. तिच्या माहेरी लागोपाठ मयती झाल्या, म्हणून तिचं लगीन लांबलं. विशी उलटून गेलेली. लोक घोडनवरी म्हणायचे, पण मला बरं वाटलं, चला, जाऊ तरी शहाणीसुरती मिळाली. लगीन झालं तो निजामाचं राज जायच्या आधीचा उन्हाळा. नवराबायकोला निजायला वेगळी जागा कुठली? एकच खण, त्यात आत्याबाई, म्हणजे माझी सासू बानूबाई, आमी दोघं, लेकरं, आणि आजारी शेळी. पुढं राज बदललं, जरा निवांत झालं, तेव्हा माझ्या मालकांनी भावाला एक खोली काढून दिली. नवी बाज विणली, मी दोन गोधड्या शिवल्या. म्हणलं, आता पाळणा हलंल.

दोन वर्षं गेली, तीन गेली. पाळणा कुठला हलतोय.

एक दिवस मी आणि दैवशाला जात्यावर बसलेलो. तिनं मधीच हात थांबवला.

"अक्का, एक विचारू? तुमच्याकडं निजताना घोंगडं घेतात का?"

"थंडीत घेतात की."

"आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात कशाला घेतील? याड लागलंय का?"

तिनं जात्यात मूठभर दाणे टाकले. मग खाली बघूनच म्हणली, "आमच्याकडं घेतात. सोताच्या अंगावर न्हाई. माझ्या."

मला काही समजंना. मग तिनं सगळं सांगितलं. घोंगडं तिच्या अंगावर असलं तर नवरा नवऱ्यासारखा. नसलं तर भिताडाकडं तोंड करून लाकूड. तिनं गोधडी पांघरून बघितली, लग्नातलं लुगडं नेसून बघितलं, झरीहून अत्तराचा फाया आणला. काही उपेग न्हाई.

"आन् दुसरं कुठलं घोंगडंबी चालत न्हाई, अक्का. तेच पाहिजे, जुनं काळं. त्येबी कोरडं न्हाई. पाणी शिंपडायलेत त्याच्यावर! वास उठावा म्हणून!"

मला हसू आलं. दाबायला गेले तर ते जास्तच आलं. ती मात्र रडायली.

"हसा तुमी. सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. घोंगड्याचं काय धरू?"

ओल्या घोंगड्याचा वास ज्याला ठाऊक न्हाई त्याला तिचं रडणं समजायचं न्हाई. ओली लोकर, त्यात विणताना लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस दर्प, आणि वर्षानुवर्षाचं मेंढराचं मूत. वैशाखाच्या उकाड्यात ते अंगावर घेऊन निजायचं. मी असते तर पहिल्याच दिवशी विहिरीत टाकलं असतं. कोणाला, ते विचारू नका.

दिराला भावजय सोडून कोण विचारणार? लोकर कातरायचे दिवस होते. भावजी ओढ्याकाठी मेंढी पाडून कातर चालवायलेले. मी भाकरी घेऊन गेले आणि सरळ विषय काढला.

"काय भावजी, बायको नवी आन् घोंगडं जुनं, हा कुठला न्याय?"

कातर थांबली. कान लाल झाले. मेंढी अर्धीच कातरलेली, तिनं डाव साधला आणि पळाली. आधी तिला धरून आणली, मग तिच्याकडं बघत, माझ्याकडं न्हाई, भावजी बोलले.

"त्या भादव्यातलं आठवतंय का, वहिनी? रझाकार येणार म्हणून सगळा गाव ज्वारीत लपला होता?"

न आठवायला काय झालं? ज्वारी पुरुषभर वाढलेली, वरून पावसाची झिमझिम. मी लेकरांची तोंडं दाबून एका बांधाला बसलेले. भावजी आणि दैवशाला मेंढरं घेऊन पार पलीकडच्या पट्टीत.

"तवा पहिल्यांदाच आमी दोघंच होतो. एका घोंगड्याखाली. सगळीकडं अंधार, भवताली मेंढरं. सकाळ दिसती का न्हाई ठाऊक न्हाई. आन् ती जवळ. गप, एकदम मऊ. मला जल्मात एवढं ग्वाड कधी वाटलं न्हाई, वहिनी. आता बाजेवर ती असती, पर ती तीच हाय असं वाटतच न्हाई. वास आला की वाटती."

रागवायला गेलेली मी, भाकरी ठेवून मुकाट्यानं परत आले. वाटंनं माझ्या ध्यानात आलं, की त्या भेदरलेल्या घडीला माणसाच्या मनात एक दार उघडलं, आणि घोंगडं त्या दारात अडकून बसलं. आता दार उघडायचं म्हणलं की घोंगडं पाहिजे. ह्यात करणी न्हाई, भूत न्हाई, वाईट चालसुद्धा न्हाई. पण समजलं म्हणून काय सुटलं?

इलाज केले. माझ्या मालकांनी भावाला परभणीला हकिमाकडं नेलं. खरं दुखणं कुणी सांगितलंच न्हाई. "अशक्तपणा हाय" एवढंच सांगून आले. हकिमानं ताकदीची माजून दिली. ती खाऊन भावजी भाकऱ्या दुप्पट खायला लागले. दुसरा फरक काही न्हाई. मग पोखर्णीला नरसिंहाला जाऊन आले. देवापुढंसुद्धा भावजी घोंगडं खांद्यावर टाकूनच उभे. दैवशालेनं ते लपवलं, तर माणूस दोन दिवस पडक्या तोंडानं धुंडत फिरला. तिनं रिठ्यानं धुतलं, तर आठवडाभर दोघांचा अबोला.

हे होता होता आत्याबाईंना वास लागलाच. एका दिवशी मला मधी बसवून त्यांनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मला वाटलं, आता म्हातारी कपाळ बडवून घेणार. पण त्यांचा चेहरा उजळला.

"एवढंच व्हय? आगं, मग सोपं हाय की!"

आमच्यात बाजारातून नवी मेंढी आणली की कळप तिला घेत न्हाई, ढुशा मारतो. म्हणून चार रोज तिला वेगळी बांधून आमच्याच मेंढवाड्यातल्या मातीत, लेंड्यांत बसवतात. आपला वास लागला की कळप गुमान घेतो. आत्याबाईंनी हेच सुनेला लावलं. घोंगड्याचा वास सुनेच्या अंगाला लागला, मग घोंगडं कशाला पाहिजे?

"आत्याबाई, ती बाई हाय, मेंढी न्हाई," मी म्हणलं.

"वासाला काय कळतंय बाई का मेंढी? जल्म गेला माझा कळपात. तू शिकवायलीस मला?"

आणि दैवशालेचं अंथरूण मेंढवाड्यात गेलं. मी भांडले, माझ्या मालकांना सांगितलं. ते म्हणले, आईपुढं मी काय बोलू. भावजींना सांगितलं, ते मान खाली घालून मेंढरांकडं गेले. ह्या घरातले पुरुष एकेक असे, की हाक मारायला जावं तर पाठच दिसावी. तीन रोज ती पोरगी मेंढवाड्यात निजली. चौथ्या दिवशी केसात लेंड्या घेऊन, तोंड न धुता, तशीच चालत तिनं झरीची वाट धरली. म्हणली, "बघू दे माझ्या बापाला, त्याची लेक कशात नांदायली ते."

आप्पारावांनी, म्हणजे तिच्या बापानं, बघितलं आणि सोडचिठ्ठीसाठी पंच बोलावले.

बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसली. आमच्यात रीत अशी, की ज्याच्या घरचा तंटा त्याच्या घरचं घोंगडं अंथरायचं. त्यावर भंडारा उधळायचा. त्यावर बसून कुणी खोटं बोलायचं न्हाई. आत्याबाई म्हणल्या, देवाचं काम हाय, घरातलं जुनं, मुरलेलं घोंगडं नेऊ. मी म्हणलं, "तेवढं सोडून दुसरं कुठलंबी न्या!" पण माझं ऐकलं असतं तर त्या आत्याबाई कसल्या? बरं, श्रावणाचा महिना. वाटेत सर आली, आणि घोंगडं देवळापाशी पोचेस्तोवर चिंब.

पंच त्यावर बसले. मधी दत्तराव, सगळ्यांत वडीलधारे. समोर, घोंगड्याच्या काठावर, भावजी. थोड्या अंतरावर बापाच्या मागं दैवशाला, तिच्याजवळ मी. उन्हाची तिरीप आली तसा घोंगड्यातून वाफेसारखा दर्प सुटला. आणि मी बघितलं, भावजींचा हात आपोआप घोंगड्यावरून फिरायलाय. मान वर झाली, बायकोकडं बघितलं, आणि गडी हसला. पंचांपुढं. सोडचिठ्ठीच्या बैठकीत.

"बघा!" आप्पाराव उसळले. "लेक माझी मेंढवाड्यात निजवली, आन् हा हसायलाय बघा बेशरम!"

दत्तराव म्हणले, "लिंबाजी, भंडाऱ्यावर हात ठेव. नांदवायची का मोडायची?"

"नांदवायची," भावजी म्हणले. खरंच बोलले ते.

"मग मेंढवाड्यात का निजवली?"

"आईनं निजवली."

"तुझ्या आईनं का निजवली?"

भावजी गप. आत्याबाईसुद्धा गप, जल्मात पहिल्यांदा. तेवढ्यात दैवशाला उठली.

"मी सांगते का ते. सांगू का? सगळ्यांपुढं सांगू?"

भावजींचं तोंड राखेसारखं झालं. ती बोलली असती तर त्या माणसाला माळावर कुणी सुखानं मेंढरं चारू दिली नसती. पोराटोरांनी घोंगडं दाखवून चिडवलं असतं मरेपर्यंत. आणि लगीन तर तिथंच संपलं असतं. मी पदर खोचून उभी राहिले.

"मामा, एक पान तंबाखू खा. तवर ह्या दोघांना मी जरा मागं नेते."

"बैठक हाय का गंमत?" दत्तराव म्हणले.

"गंमतच हाय, मामा. चार वर्षं चालू हाय. अजून थोडी चालंल."

देवळामागं लिंबाखाली दोघांना उभं केलं. तिला म्हणलं, "आता बोल. पंचांना सांगायलीस, तर आधी ह्याला सांग." आणि जरा बाजूला झाले. कान मात्र बाजूला केले न्हाईत.

"तुमाला त्यो ज्वारीतला दिवस ग्वाड वाटतो," ती म्हणली. "अक्कानं सांगितलं मला. मला काय वाटतं, ठाव हाय का? मी गप होते, कारण मी तोंडात पदर कोंबला होता. आवाज आला तर मारत्याल म्हणून. जवळच काहीतरी खुरं वाजवत गेलं, मला वाटलं आलेच घोडे. त्याच्यानंतर तुमी जवळ घेतलं, माया केली, सगळं खरं. पर मला माया कळलीच न्हाई. मला त्यो वास कळला. आजबी घोंगडं अंगावर पडलं की मी त्या ज्वारीत असते. तोंडात पदर."

भावजी हळूच म्हणले, "ती खुरं... ती शेजारच्या व्यंकटरावाची म्हस होती. सुटलेली."

"आन् हे मला आज सांगायलाय तुमी?"

"तू कधी इचारलं न्हाईस."

"तुमी कधी बोललात? चार वर्षांत एक शबूद? घोंगडं टाकायचं आन् मुक्यानं जवळ यायचं!"

मला वाटलं, आता हिनं एक ठेवून द्यावी. भावजी मात्र खाली बसले, तिथंच मातीत, आणि डोळ्याला धोतराचा सोगा लावला. "तू भ्यायली होतीस," एवढंच म्हणत राहिले. "मला वाटलं तू माझी झालीस. तू भ्यायली होतीस." एकच रात. एकच घोंगडं. एकाचं त्याच्यावाचून चालंना, एकीला ते सोसंना. आणि हे दोघं चार वर्षं एका बाजेवर, एकमेकांना न सांगता.

शेवटी दैवशालेनंच अट घातली. घोंगडं दाराबाहेर दोरीवर राहील, तिच्या अंगावर कधी न्हाई. आणि जवळ यायचं तर बोलत यायचं. मुकं यायचं न्हाई. "बोलत ऱ्हाईलात तर मला कळंल मी कुठं हाय. आन् तुमालाबी कळंल, मी कोण हाय."

"काय बोलू?" भावजी घाबरून म्हणले.

"काईबी बोला. मेंढरांचं बोला."

पंचांनी विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं, नांदायचं ठरलं. मेंढवाड्यात का निजवली, ते आता विचारू नका. सासू परत निजवणार न्हाई, ते माझ्याकडं लागलं. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की महिनाभर माझ्या भाकरीत खडे निघाले.

तो नाद पुरता गेला का? न्हाई गेला. सहा महिने तर काहीच झालं न्हाई, नुसतं बोलणं. पावसाळ्यात घोंगडं भिजलं की भावजींचा चेहरा अजून पालटायचा. दैवशाला म्हणायची, "आली बघा माझी थोरली सवत." पण आता ते दोघं मिळून हसायचे. पुढं तिला लेक झाली, मग लेक झाला. ती नांदली, आपल्या अटीवर नांदली.

आणि आमचे हाल कुणाला सांगू? मधी एक मातीचं भिताड. ज्या माणसानं चार वर्षांत चार शब्द काढले न्हाईत तो आता निजायच्या वेळी तोंड उघडायचा ते मिटायचाच न्हाई. कुठल्या मेंढीचं दूध आटलं, कुठल्या बांधावर हरळी माजली, दत्तरावाच्या मेंढक्यानं कुठं कळप घुसवला. माझे मालक उशीवर हात आपटायचे.

"ह्याला कुणी बोलायला सांगितलं गं?"

मी गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचे.