चतकोर पुरणपोळी

हिंगणघाटच्या मोटारीतून उतरलेल्या शेजाऱ्याने दारातूनच सांगितले, "ढोर-डॉक्टर गेले." चटणी वाटणारा माझा हात पाट्यावर तसाच थांबला... दामूमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, ढोरांच्या दवाखान्यात होते. सगळा तालुका त्यांना ढोर-डॉक्टर म्हणे आणि तेही खुशाल ओ देत.

आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर अल्लीपुरातला माझा पहिला पोळा. सजलेला ढवळ्या दारी आला, मी ओवाळले, आणि काय अंगात आले कुणास ठाऊक, सगळ्यांची पाठ वळताच पुरणपोळ्यांची अख्खी दुरडी त्याच्यापुढे रिकामी केली! आठ दिवसांपासून त्याचे शेण पातळ होते, हे मला कुठे ठाऊक? दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात बसला तो उठेचना. शेणात आव आणि रक्त. सासरे कपाळाला हात लावून बसले. एका बैलावर शेती कशी व्हायची?

मामा सायकलवरून आले. ढवळ्याच्या पोटाला कान लावला, शेण काडीने चिवडून पाहिले आणि पाण्याच्या निमित्ताने मला विहिरीकडे नेले.

"काय चारलं, पोरी?"

मी रडायलाच लागले.

"रडू नोको. डबक्याच्या पाण्यातून जंतू गेले, आतड्याचं आतलं अस्तर त्यानंच सोललं होतं. त्यावर तुह्या पोळ्या पडल्या, पोटात आंबल्या. चहानं जीभ पोळली त वरून लोणचं खाशील काय तू?"

"मरते काय तो, मामा?"

"अस्तर पुन्हा येते. पण दोन दिवस चारा नाई. या गोळ्या अन् सोड्याचं पाणी देजो, मंग मूठमूठ कडबा."

सासऱ्यांना मात्र ते एवढेच म्हणाले, "डबक्याचं पाणी बाधलं." रोज सायकल दामटत येत राहिले. चौथ्या दिवशी ढवळ्या उठून उभा राहिला, तेव्हा हा पोक्त माणूस गोठ्यात टाळ्या पिटत नाचला!

तेव्हापासून दर पोळ्याला सासूबाई दुरडी मांडीशी घेऊन बसत. बैलाला चतकोर पोळी, वर तुकडा नाही. काय चिक्कू बाई आहे, असे मी मनात म्हणे.

मामांच्या तेराव्यानंतर पोळा आला. मी पुरण वाटत होते, सासूबाई जवळ येऊन बसल्या.

"तुह्या मामानं मले तवाच सांगतलं होतं. म्हणे, दुरडी तुमच्याजवळ ठेवजा, पण पोरीले काई बोलू नोका. मायेनं चारलं तिनं."

एवढी वर्षे... आणि मी त्यांना चिक्कू म्हणत होते! मला रडू आवरेना. त्यांनी दुरडी माझ्या हाती दिली.

ढवळ्याने चतकोर खाल्ला आणि दुरडीकडे मान लांबवली.

"नाई रे राजा," मी म्हटले, "मामा पाहून राह्यले."