कच्च्या वालाचे पाणी

वालवाल्या बाई साऱ्या गावावर संतापत. माझ्यावर मात्र कधीच संतापल्या नाहीत. ज्याच्यावर संतापायला हवे होते तो मीच होतो, आणि हे मी फार वर्षे लपवून ठेवले.

बाई जीवरसायनशास्त्र शिकलेल्या. कच्च्या वालातल्या प्रथिनाने पिकावरची मावा ही कीड आवरता येईल का, याचा त्या शोध घेत होत्या. एरवी त्या प्रमाण मराठी बोलत. राग आला की मालवणी. आमच्या गावाने त्यांची मालवणीच अधिक ऐकली.

तिठ्यावर एकाने त्यांना छेडले, "बाईनू, वालाच्या पाण्यान किडो मरतलो? मगे उसळ खावन आमीय मरतलंव!"

बाई थबकल्या. "शिजवन खातंस म्हणान वाचतंस! मूठभर कच्चे खा, आणि बस पोट धरून. तसांच माव्याच्या पोटात व्हया माका. आणि तुझ्या फवारणीच्या औषधाच्या बाटलेर लाल खूण कित्याक आसा, ता वाच आधी!"

त्यांनी प्रयोगासाठी माझा चवळीचा मळा निवडला. जाताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट बजावत : "दिगू, भिजलेले वाल सकाळी वाट, गाळ आणि लगेच फवार. चुलीक दाखवू नको. तापला की प्रथिन मेला."

मला सकाळी उठण्याचा कंटाळा. मी आदल्या संध्याकाळीच वाटून ठेवी. आमच्याकडे उरलेले माशांचे तिखले नासू नये म्हणून त्याला एक उकळी काढतात. तशीच मी त्या पाण्यालाही काढली. नासके फवारण्यापेक्षा हे बरे, अशी स्वतःची समजूत घातली. बाईंचे शब्द कानांत होते, तरीही.

पाहणीला बाईंच्या संशोधन केंद्रातले वरिष्ठ आले तेव्हा चवळीचे शेंडे माव्याने काळवंडले होते. त्यांतले एक हसून म्हणाले, "मॅडम, यापेक्षा उसळ तरी करायची होतीत."

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "उकळलंस काय रे?"

"नाय, बाई."

त्या परत वळल्या आणि कठोर स्वरात म्हणाल्या, "या शेतकऱ्याला कोणी बोल लावायचा नाही. चूक असेल तर माझीच आहे." काम तिथेच बंद पडले. हसणाऱ्या त्या साहेबाचा मला आजही संताप येतो. पण त्याला हसण्याची संधी दिली माझ्या जिभेने, आणि तिला मी क्षमा करू शकलेलो नाही.

निवृत्तीनंतर बाई मालवणात राहतात. यंदा धीर करून गेलो. ओसरीवर त्या वाल सोलत होत्या.

"बाई, तेवा कायतरी चूक झाली आसात..."

त्यांचा हात थांबला. "आसात? कोणाची?"

मी परडीतला एक वाल उचलून सोलू लागलो.

"माझ्याच कामात खोट होती म्हणान मी ता सोडलंय! परत हात लावक नाय! आणि तू आज येवन 'कायतरी' म्हणतंस? नीट बोल!"

त्यांनी परडी आपटली. वाल ओसरीभर उडाले. बाई माझ्यावर प्रथमच संतापल्या होत्या. मी खाली बसलो. वाल वेचायलाही हात उठेना.

"मी उकळलंय, बाई. तुमी इचारल्यात तेवा खोटां बोललंय. तुमच्या प्रयोगाची परीक्षाच झाली नाय. माका माफ करा."